इतिहासाचा पेपर मराठीत

माझे वडील आणि मी एकाच वर्षी मॅट्रिकला बसलो. कॉलेजातल्या मैत्रिणींना मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या हसल्या असत्या, आणि त्यांचं हसणं मला लागलंही नसतं. पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं.

आई गेली तेव्हा मी फार लहान होते. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मला पुण्याला मावशीकडे ठेवलं. मावशीचे यजमान रेल्वेत होते. त्यांना लष्कर भागात क्वार्टर मिळालं होतं आणि त्याच्या जवळच मिशनची मुलींची शाळा होती. तिथे अगदी खालच्या वर्गापासून सगळं इंग्रजीत चाले. मराठी शिकवायला एक म्हातारे शास्त्रीबुवा येत आणि त्यांच्या तासाला मुली मांडीवर रुमाल घेऊन भरतकाम करीत. भोर संस्थानातल्या एका साध्या कारकुनानं मुलीला मडमांच्या शाळेत घालावं, यावर नातेवाइकांत बरंच बोललं जाई. अण्णा कुणाला उत्तर देत नसत. ते मुळातच कमी बोलत.

उत्तर मला उशिरा कळलं. अण्णा तरुणपणी तीनदा मॅट्रिकला बसून तीनदा नापास झाले होते. मॅट्रिक पास झाल्याशिवाय कॉलेजात पाऊल टाकता येत नसे, आणि त्या काळी भाषांचे पेपर सोडले तर सगळे पेपर इंग्रजीतच लिहावे लागत. गणितात अण्णा चांगले, संस्कृतात तर वर्गात पहिले. पण इतिहास-भूगोलाचा पेपर समोर आला की त्यांची लेखणी थांबे. डोक्यात सगळं असे, पण ते इंग्रजीत उतरत नसे. चौथ्यांदा बसायला घरच्यांनी नाही म्हटलं. मग नोकरी, मग लग्न. मला त्यांनी इंग्रजीत टाकलं ते मी मडम व्हावी म्हणून नव्हे. माझी लेखणी तरी तिथे थांबू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

मी मॅट्रिकच्या वर्गात जाणार त्याच सुमारास मावशीच्या यजमानांची बदली लांब कर्नाटकात झाली. तिथे मला नेणं कुणाच्या सोयीचं नव्हतं. शाळेतल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, मुलगी हुशार आहे, घरी अभ्यास करून बाहेरून बसू दे. अशी मी अण्णांकडे वेल्ह्याला आले.

वेल्हे तेव्हा म्हणजे कचेरी, तिच्या आसपासची थोडी घरं, आठवड्याचा बाजार, आणि मान वर केली की तोरणा. कचेरीच्या मागे दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. अण्णा सकाळी स्वयंपाक करीत, मला वाढत, आणि मी काय खाते इकडे न बघता बघत असत. मला त्यांच्याशी काय बोलावं कळत नसे. माझं मराठी घरातल्या दोन-चार कामांपुरतं होतं आणि तेही मावशीच्या तोंडचं. शेजारी एका शेतकऱ्याचं घर होतं, तिथली बाई रोज दूध घालायला येई. तिला मी काकू म्हणत असे. पहिल्या आठवड्यातच ती अण्णांना म्हणाली,

"भाऊसाब, तुमची लेक पुस्तकावानी बोलती. म्या म्हटलं दूध किती घालू, तर म्हनती कशी, 'आपण नेहमी घालता तितकंच घालावं.' मला वाटलं माज्यामागं कुनी मामलेदार हुबा हाय!"

अण्णा हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी आत निघून गेले.

कचेरीत पुण्याचं वर्तमानपत्र येई, शिळं होऊन, मामलेदारसाहेबांसाठी. ते वाचून झाल्यावर खाली कारकुनांत फिरे. एक दिवस अण्णा भर कचेरीच्या वेळात घरी आले. कधी न येणारा माणूस दारात उभा राहिलेला बघून मला वाटलं, मावशीकडून काही वाईट आलं.

"युनिव्हर्सिटीनं नियम बदलला," ते म्हणाले.

"कसला नियम?" मी विचारलं.

"इतिहास-भूगोलाची उत्तरं मातृभाषेत लिहिली तरी चालणार. ज्याची इच्छा असेल त्यानं. छापून आलंय." मग म्हणाले, "तुला काय, तू इंग्रजीतच लिहिशील. तुझ्यासाठी नाही सांगत."

आणि परत गेले. संध्याकाळी जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला, माझ्याकडे न बघता, ताटातल्या भाकरीशी बोलावं तसं.

"मला कॉलेजात जायचं नाही. या वयात कोण घेणार, आणि नोकरी कुणी करायची? पण जायचं म्हटलं तर जाता आलं असतं, एवढं आपल्या नावावर असावं. दुसरं काही नाही." मग म्हणाले, "इंग्रजीचा पेपर मात्र आहेच. तो तू करून घेशील का माझ्याकडून?"

मी "हो" म्हटलं. माझ्या आणि त्यांच्यामधलं ते पहिलं खरं बोलणं.

मग रोज पहाटे आमची शाळा भरू लागली. अण्णा चूल पेटवून चहा करीत, घोंगडी अंथरीत आणि पाटी-दप्तर घेऊन बसलेल्या मुलासारखे समोर बसत. मी मडमांकडून शिकले होते तसंच शिकवायची. निबंधाचा विषय द्यायचा, आधी तोंडी बोलायला लावायचं, मग लिहायला. 'आगगाडीचा प्रवास' हा निबंध त्यांना काही केल्या जमेना. मी विचारलं, तुम्ही आगगाडीत बसला आहात ना? तर म्हणाले, "बसलोय, पण तुझ्या आईला दवाखान्यात नेताना. खिडकीबाहेर कुणी बघितलंय?" तो निबंध आम्ही सोडून दिला. त्याऐवजी बाजाराचा दिवस घेतला. बाजाराबद्दल अण्णांनी इतकं चांगलं लिहिलं, की मी लाल पेन्सिल खाली ठेवली. मोडकं इंग्रजी होतं, पण त्यात कोंबड्या विकणारा माणूस खरोखर ओरडत होता.

या गोष्टीचा गावात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. कामासाठी कचेरीत येणारी माणसं ओट्याशी थांबून बघत. काकू तर दूध ओतताना मुद्दाम रेंगाळे.

"काय वं ताई, आज भाऊसाबांनी धडा केला का न्हाई? न्हाईतर हुबं करा कोपऱ्यात!"

"केला, केला," अण्णा मान खाली घालून म्हणत. "बाई कडक आहेत."

"असूं द्या कडक. आमच्या घरात बी एक असती तर आमच्या मालकाला वळन लागलं असतं."

त्या सकाळी मला आवडत. मी फार बोलत नसे, पण बोलायला काहीतरी असे. अण्णा एखादा शब्द विचारत, मी सांगे, आणि तो शब्द दिवसभर घरात फिरत राही. कचेरीतून आल्यावर ते तोच शब्द कुठेतरी बसवून दाखवत. मीठ संपलं तरी इंग्रजीत सांगत. बाहेर पुरुषांच्या घोळक्यात हाच माणूस गप्प बसतो, हे मला माहीत होतं.

इतिहासाचा अभ्यास आम्ही वेगळाच करत असू, म्हणजे अण्णा सांगत आणि मी ऐकत असे. अंगणात झाडांना पाणी घालताना, दाढी करताना, नसरापूरच्या रस्त्यावर संध्याकाळी चालताना ते पानिपत सांगत, कुणाचं कुठे चुकलं ते सांगत, आणि सांगता सांगता रस्त्यातच उभे राहत. माझ्या इंग्रजी पुस्तकात जे एका परिच्छेदात उरकलं होतं, त्यावर अण्णा शेजारच्या वरवे गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बांधाच्या भांडणाइतकं तपशिलानं बोलू शकत. मी एकदा म्हटलं, हे लिहून बघायला हवं. ते म्हणाले, "मराठीत लिहायला काय शिकायचं? इतकी वर्षं दुसरं काय करतोय?" मला ते पटलं. आमचा सगळा वेळ इंग्रजीला हवा होता. भीती इंग्रजीची होती.

ते खरंच दुसरं काही करत नव्हते. कधी डबा पोचवायला मी कचेरीत जाई तेव्हा त्यांना लिहिताना बघे. कचेरीचं सगळं काम मोडीत चाले. मोडी ही मराठीचीच लिपी, पण भरभर लिहिण्यासाठी केलेली. छापील पुस्तकातली सुटी सुटी बालबोध अक्षरं मला वाचता येत, मोडीतलं एक अक्षरही येत नसे. अण्णा आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढत आणि मग तिला खालून अक्षरं अडकवत जात. लेखणी कागदावरून उचललीच जात नसे. अण्णा चालत सावकाश, जेवत सावकाश, बोलत त्याहून सावकाश. पण लिहिताना त्यांचा हात त्यांचा नसावा असा पळे. मामलेदारसाहेब बोलत जात आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत ते कागदावर उतरलेलं असे.

परीक्षेसाठी आम्ही बैलगाडीनं नसरापूरपर्यंत आणि तिथून मोटारीनं पुण्याला गेलो. अण्णांच्या एका दूरच्या भावाकडे उतरलो. घरात सगळ्यांना वाटलं, अण्णा मुलीला सोबत म्हणून आले आहेत. अण्णांनीही तसंच वाटू दिलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघं दौत-टाक घेऊन निघालो तेव्हा अण्णांच्या त्या वहिनी म्हणाल्या, "दोन दोन दौती कशाला?" अण्णा म्हणाले, "एक सांडली तर असावी."

मुलींना बसायला वेगळी खोली होती. अण्णा मोठ्या हॉलमध्ये, मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या रांगेत, काळी टोपी घालून बसले होते. हॉलच्या दारावरून जाताना मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहत नव्हते. इंग्रजीचा पेपर संपल्यावर बाहेर भेटले तेव्हा त्यांना घाम आला होता.

"बाजार आला नाही," ते म्हणाले. "पण पावसाळ्यातली नदी आली. मी नदीच्या काठावर बाजार भरवला."

आम्ही दोघं हसलो. रस्त्यावर मोठ्यानं हसण्याची मला सवय नव्हती.

इतिहासाचा पेपर सकाळी होता. दुपारी भूगोलाचा. मधल्या सुट्टीत आवारातल्या चिंचेखाली बसून आम्ही दशम्यांचं फडकं सोडलं. माझा पेपर बरा गेला होता, फार चांगला नाही. अण्णांचा चेहरा मात्र असा उजळला होता की, माझं काही सांगायचं राहूनच गेलं.

"वेळ पुरला?" मी विचारलं.

"पुरला? अगं, उरला! पानिपतावर मागितलं होतं त्याच्या दुप्पट लिहिलं. शेवटी पुरवणी मागून घेतली. तो पर्यवेक्षक बघतच राहिला, म्हणाला, 'आजोबा, जरा दमानं.' आजोबा म्हणाला बघ मला!" त्यांनी दशमीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "पहिला प्रश्न जरा रखडला. अक्षर काढत बसलो. अर्धा तास तिथेच गेला असेल. मग म्हटलं, असं चालायचं नाही. पानावर रेघा आयत्या आखलेल्याच होत्या. दुसऱ्या प्रश्नाला जो हात सुटला, तो कचेरीत सुटतो तसा..."

ते थांबले.

मला वाटलं, बोलून घसा कोरडा पडला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी घेतला नाही. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. बोटांना शाई लागली होती.

"बाळ," ते म्हणाले, "मी मोडीत लिहिलं."

मला लगेच उमगलं नाही. मी म्हटलं, "मराठीतच लिहिलंत ना?"

"मराठीतच."

"मग?"

त्यांनी कोटाच्या खिशातून प्रश्नपत्रिका काढून माझ्यासमोर धरली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. मराठीत उत्तरं लिहिणाऱ्यांनी ती बालबोध लिपीत लिहावीत, असं तिथे इंग्रजीत छापलं होतं. सकाळी मीही ती ओळ वाचली होती आणि आपल्यासाठी नाही म्हणून पुढे गेले होते.

"तुम्ही हे वाचलं नव्हतं?"

"वाचलं होतं. पहिल्या प्रश्नाला ध्यानात होतं की."

घंटा झाली. त्यांनी दशम्या पुन्हा फडक्यात बांधल्या, नीट, चारी टोकं ओढून, आणि आम्ही भूगोलाच्या पेपरला गेलो. तो त्यांनी बालबोधात लिहिला असं संध्याकाळी म्हणाले. किती लिहून झाला ते म्हणाले नाहीत.

परत येताना मोटारीत ते खिडकीशी बसले होते. वरवे मागे पडल्यावर म्हणाले, "तपासणारा मराठीच माणूस असणार. इतिहासाचा माणूस म्हणजे जुनी कागदपत्रं चाळलेला. मोडी त्याला येतच असेल." मी म्हटलं, येतच असेल. नसरापूर येईपर्यंत त्यांनी हे आणखी एकदा म्हटलं, आणि मीही.

मग निकालाची वाट बघणं आलं. कचेरीत ही गोष्ट लपली नाही, कारण अण्णांनीच सांगून टाकली. त्यावर तिथे जवळजवळ रोज खल चाले. मामलेदारसाहेबांचं म्हणणं, मोडी काय परक्यांची आहे? राज्यं चालली तिच्यावर. कचेरीतले मोठे कारकून, शिरस्तेदार, मात्र डोकं हलवत. "साहेब, आपण स्वतः काय करतो? अर्ज बरोबर, मागणं बरोबर, पण तिकीट दुसरंच लावलं, तर अर्ज परत. करतो की नाही?" यावर मामलेदारसाहेब पुढचा कागद ओढून घेत. अण्णा आपल्या कागदांत डोकं घालत, कारण असे कितीतरी अर्ज त्यांनीच आपल्या हातानं परत पाठवले होते.

काकूला मी सगळं समजावून सांगितलं. तिनं दुधाचं माप हातात धरून ऐकून घेतलं.

"पर लिवलंय ते बराबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

"मंग वाचनाऱ्यानं जरा डोळं ताणावं की! आमी न्हाई का, भाऊसाबांनी कायबी लिवलं तरी खाली आंगठा लावतो?"

पहाटेची शाळा संपली होती. अण्णा त्याच वेळी उठत, चहा करत, आणि मग दोघांनाही काही करायला नसे. मी एकदा म्हटलं, इंग्रजी चालू ठेवू या का. ते म्हणाले, "निकाल लागू दे." घरात पुन्हा पूर्वीसारखं झालं. मीठ संपलं तर ते मराठीत सांगू लागले.

निकाल वर्तमानपत्रात छापून येई, नुसते नंबर. त्या दिवशी मामलेदारसाहेबांनी अंक न उघडता अण्णांच्या हातात दिला, हे मला मागाहून कळलं. अण्णा तो तसाच घरी घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवला. माझा नंबर सापडला. अण्णांचा नंबर माझ्या आसपास असायचं कारण नव्हतं, तो पार वेगळ्या स्तंभात असायला हवा होता. तिथे त्याच्या आधीचा होता, नंतरचा होता. मी बोट फिरवत राहिले. अण्णांनी माझं बोट धरून बाजूला केलं.

"तुझा आहे ना?" ते म्हणाले. "मग झालं." आणि त्यांनी देवापुढे साखर ठेवली.

गुण कळले तेव्हा आणखी एक गोष्ट समोर आली. अण्णा इंग्रजीत पास झाले होते. ज्या इंग्रजीनं त्यांना तीनदा परत पाठवलं, तिनं या वेळी आत घेतलं होतं. भूगोलाचा पेपर अर्धाच झाला असावा, तसे त्याचे गुण होते. इतिहासाच्या चांगल्या गुणांनी तो सांभाळला गेला असता. इतिहासाला मात्र थोडेच होते. ते एकट्या पहिल्या प्रश्नाचे असणार, आणि एका प्रश्नाचे म्हणून ते भरपूर होते. म्हणजे तपासणाऱ्यानं पहिलं उत्तर मन लावून वाचलं होतं, आणि मग पान उलटलं होतं.

शिरस्तेदार सगळ्यांदेखत म्हणाले, "इंग्रजीत पास आणि मराठीत नापास! भाऊसाहेब, तुम्हांलाच मडमांच्या शाळेत घालायला हवं होतं आणि पोरीला कचेरीत!" सगळे हसले, अण्णाही हसले. शिरस्तेदार वाईट माणूस नव्हते. माझ्या पास झाल्याचे पेढे त्यांनी सगळ्यांत जास्त खाल्ले.

कॉलेजात नाव घालायला अण्णा माझ्याबरोबर पुण्याला आले. तिथल्या कारकुनानं माझे सगळे कागद बघितले आणि सहज विचारलं, "आपलं शिक्षण?"

"मॅट्रिकपर्यंत," अण्णा म्हणाले. 'पर्यंत' हे त्यांनी नीट ऐकू जाईल असं म्हटलं. कारकुनाला त्यात काही वाटलं नाही. त्यानं आम्हांला आत जाऊन इमारत बघून यायला सांगितलं. अण्णा म्हणाले, तू जा, मी इथे सामानाशी थांबतो. सामान म्हणजे एक छत्री होती.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वेल्ह्याला आले ते ठरवूनच आले होते. नियम कायम होता, मी चौकशी केली होती. येताना रेघा आखलेले मोठे कागद आणि मागच्या परीक्षेचा इतिहासाचा पेपर आणला होता. पहाटे चहा झाल्यावर मी घोंगडी अंथरली. माझ्यासारख्या मुलीला हे सोपं नव्हतं. अण्णांना काही करायला सांगणं मला अजून जमत नसे.

"पुन्हा बसा," मी म्हटलं. "फक्त बालबोधात लिहायची सवय करायची आहे. बाकी सगळं तुमच्याजवळ आहे."

त्यांनी कागद हातात घेऊन चाचपले. मग घोंगडीवर बसले आणि टाक दौतीत बुडवला.

मी समोर बसून बघत होते. त्यांनी एक अक्षर काढलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि शब्द झाल्यावर टाक उचलून त्याच्यावर छोटी रेघ ओढली. मग पुढचा शब्द. अक्षर सुंदर होतं, पाटीवर पहिल्यांदा गिरवणाऱ्या मुलाचं असतं तसं गोल, एकसारखं. आणि तितकंच सावकाश. मध्येच हात पळायला बघे. ते त्याला थांबवत, टाक हवेत धरत, श्वास घेत आणि पुन्हा तिथूनच सुरू करत. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला एकाएकी आठवलं, मी पुण्याला होते तेव्हा ते मला बालबोधात लांबलचक पत्रं पाठवत, कारण मला दुसरं काही वाचता येत नसे. ती मी उभ्या उभ्या वाचून ठेवून देत असे. अशी बसून लिहिली जात असतील, हे मला ठाऊक नव्हतं.

काकू दूध घेऊन आली. "आज पुन्यांदा साळा भरली व्हय?" म्हणाली. मग आमच्याकडे बघून माप ओतून निघून गेली.

ऊन उंबऱ्यातून आत येऊन घोंगडीवर चढलं तेव्हा निम्मेच प्रश्न लिहून झाले होते. अण्णांनी टाक खाली ठेवला आणि शेवटचं पान हातात घेऊन लांब धरलं.

"बघ," ते म्हणाले. "एवढ्यात पेपरची वेळ संपली असती."

"सवयीनं हात चालेल," मी म्हटलं.

"नाही चालायचा. या हाताला आता एकच चाल येते." ते पानाकडेच बघत होते. "म्हणजे त्या दिवशी मी विसरलो ते काही चुकलं नाही. ध्यानात राहिलं असतं तरी नापासच होतो. भूगोलाला नाही का, अर्धाच झाला. नियम बदलला तो माझ्यासाठी नव्हताच मुळी. तो आता जी मुलं शाळेत आहेत त्यांच्यासाठी."

  अण्णांनी लिहिलेल्या पानांची चौघडी करून ती बाकीच्या कागदांखाली सरकवली आणि ते सगळे माझ्याकडे दिले. "हे तुला लागतील," म्हणाले. मग उठून हात धुतले, कोट चढवला आणि आरशासमोर टोपी नीट केली.

कचेरीला निघताना ते अंगणात क्षणभर थांबून काकूच्या मालकाशी काहीतरी बोलले, आणि हसले. निकालानंतर इतक्या महिन्यांत मी त्यांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं. आपल्या हातून चूक झाली, हे ओझं त्यांनी त्या सकाळी उतरवून ठेवलं होतं. मी कागद उराशी धरून दारात उभी होते. निकालाच्या दिवशी मी रडले नव्हते; तेव्हा रडले.